डंटिसबोर्न राउझ: एका एचिंगच्या मागावर

मंगळवार, ऑक्सफर्ड

ॲश्मोलियन संग्रहालयाच्या प्रिंट रूममध्ये जायला पैसे पडत नाहीत. आधी वेळ ठरवायची, काय बघायचंय ते कळवायचं, एवढंच. भाची ऑक्सफर्डला शिकते, तिनं हे सगळं मी येण्याआधीच उरकून ठेवलं होतं. यादीत सगळ्यात वर एक नाव होतं: इंग्रज चित्रकार एफ. एल. ग्रिग्ज, 'डंटिसबोर्न राउझ', १९२७. ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यातलं चर्च आणि त्याचं एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा खोदून छापलेलं चित्र. कॉलेजात प्रिंटमेकिंग शिकताना एका जुन्या कॅटलॉगमध्ये त्याचा फोटो पाहिला होता. मूळ प्रिंट बघावं आणि मग त्या चर्चसमोर जाऊन उभं राहावं, असं तेव्हापासून मनात होतं. क्रमही हाच हवा होता, आधी चित्र आणि मग जागा.

बॅगा लॉकरमध्ये गेल्या, हात धुतले, पेनं आत चालत नाहीत म्हणून पेन्सिली घेतल्या. टेबलावर एक काळी चपटी पेटी आली. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली चित्रं तिच्यातून एकेक करून निघाली आणि तिरक्या स्टँडवर ठेवली गेली. मध्ये काच नाही, हे फार महत्त्वाचं. एचिंग काचेआड पाहणं म्हणजे ते अर्धंच पाहणं.

'डंटिसबोर्न राउझ' समोर आलं तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो त्यातला काळा रंग. पुस्तकातल्या फोटोत तो सपाट दिसतो, इथे शाईला अंग होतं. मी मान जराशी वाकवून बाजूच्या उजेडात पाहिलं, तर रेघा कागदावर किंचित उठून आलेल्या दिसल्या. आकाशाच्या रेघा केसाहून बारीक, सावलीतल्या भरदार. चर्च लहानसं, मनोऱ्यावर दुपाखी छप्पर, आणि भिंतीतला प्रत्येक दगड त्याच्या त्याच्या आकाराचा. ग्रिग्जनं एकही दगड नुसता भरीला घातलेला नाही.

"मावशी, हे पेनानं काढल्यासारखंच दिसतंय की," भाची हळूच म्हणाली. "मग तांबं, ॲसिड, प्रेस, एवढा खटाटोप कशाला?"

तिला तिथेच कुजबुजत सगळं सांगितलं. घासून आरशासारखी केलेली तांब्याची प्लेट गरम करायची आणि तिच्यावर मेण, राळ, डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. त्याला ग्राउंड म्हणतात. मग मेणबत्तीच्या धुरावर धरून तो काळा करायचा, म्हणजे सुईनं ओढलेली रेघ तांबूस चमकते. सुई तांबं खोदत नाही, फक्त मेण बाजूला सारते, म्हणून हात कागदावर फिरावा तितका मोकळा फिरतो. त्यानंतर प्लेट ॲसिडमध्ये सोडायची, आणि जिथे मेण उघडलंय तिथलं तांबं ॲसिड खातं. थोड्या वेळानं प्लेट बाहेर काढून आकाशाच्या रेघांवर व्हार्निश फासायचं, म्हणजे त्या तिथेच थांबतात. बाकीची प्लेट परत आत. मग गवत झाकायचं, मग उन्हातली भिंत, आणि दाराच्या आतला अंधार सगळ्यात शेवटपर्यंत ॲसिडमध्ये राहतो. कोणती रेघ किती काळी हे हाताच्या जोरावर ठरत नाही, ती ॲसिडमध्ये किती वेळ राहिली यावर ठरतं. पेनाची रेघ कागदावर बसते. एचिंगची रेघ तांब्यातल्या खोल चरातून ओल्या कागदावर ओढून काढलेली असते. म्हणून तिला उंची असते, आणि म्हणून तो काळा रंग इतका गहिरा.

छपाईत वेगळं कसब लागतं. गरम प्लेटवर शाई चोपडायची, खळ लावलेल्या जाळीदार कापडानं पुसायची, आणि शेवटचा हात उघड्या तळव्याचा, त्यावर खडूची भुकटी घेऊन. किती पुसायचं हे छापणाऱ्याला कळावं लागतं. फार पुसलं तर चित्र कोरडं होतं, कमी पुसलं तर मळतं. ग्रिग्जला दुसऱ्याच्या हातचं पुसणं पटेना, म्हणून १९२१ साली त्यानं आपल्या घरातच प्रेस बसवला. आणि चित्र डावं-उजवं उलटं छापतं, तेव्हा ओळखीचं चर्च ओळखीचंच दिसायला हवं असेल तर प्लेटवर ते उलटं काढावं लागतं.

फ्रेडरिक लँडसीअर ग्रिग्जचा जन्म १८७६चा, हर्टफर्डशरमधल्या हिचिन गावचा. इंग्लंडच्या परगण्यांची वर्णनं करणारी एक ग्रंथमाला मॅकमिलन काढत असे. तिच्यातल्या कॉट्सवोल्ड या टेकड्यांच्या प्रदेशावरच्या पुस्तकासाठी पेनानं चित्रं काढायला तो १९०३च्या सुमाराला चिपिंग कॅम्पडन गावात आला आणि तिथलाच झाला. १९१२ साली तो कॅथलिक झाला, आणि एचिंगकडे जीव ओतून वळला तेही त्याच वर्षी. १९३८ मध्ये तो गेला तोवर ५७ प्लेट झाल्या होत्या. संख्या थोडी वाटेल, पण तो एकेका प्लेटकडे वर्षानुवर्षं परत जायचा, घासायचा, नव्या रेघा घालायचा. बऱ्याच चित्रांतल्या वास्तू कल्पनेतल्या आहेत. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं कॅथलिक मठ मोडायच्या आधीचं इंग्लंड ग्रिग्जला परत उभं करायचं होतं, आणि एका प्लेटला त्यानं नावच 'एक्स आंग्लिया पेर्दिता' दिलं, म्हणजे हरवलेल्या इंग्लंडमधून. डंटिसबोर्न राउझ मात्र नकाशावर सापडतं.

शेवटी सॅम्युअल पामर या इंग्रज चित्रकाराची सेपियातली, म्हणजे तपकिरी शाईतली, सहा चित्रं बघायला मिळाली, १८२५ सालची, तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. शेतं, चंद्र, झाडं, सगळं दाट आणि आतून उजळलेलं. ग्रिग्जचा हा गुरूच म्हणायचा, प्रत्यक्ष भेट कधी नसली तरी. पामरच्या एचिंगच्या जुन्या प्लेट १९२०च्या दशकात पुन्हा छापल्या गेल्या, त्या कामात ग्रिग्जचा हात होता. पुढे मोठा चित्रकार झालेला ग्रॅहम सदरलंड तरुणपणी शाई लावण्याच्या खुब्या शिकायला ग्रिग्जकडेच गेला होता. हात दाखवल्याशिवाय ही विद्या पुढे जात नाही.

बुधवार, चिपिंग कॅम्पडन

ऑक्सफर्डहून मोरटन-इन-मार्शला गाडी पाऊण तासाच्या आत पोहोचवते, पुढे बस. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, ऊन तिरपं आणि पिवळं. गावाचा मुख्य रस्ता किंचित वळत जातो आणि दोन्ही बाजूंची घरं एकाच दगडाची. हा इथलाच चुनखडीचा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मधाळ, जुना होतो तसा राखाडी. छपरंही दगडी पाट्यांची. वळचणीला मोठ्या पाट्या आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. त्यामुळे छप्पर आहे त्याहून उंच भासतं. ग्रिग्जच्या चित्रांतली छपरं मला नेहमी वजनदार वाटायची, त्याचं कारण इथे मान वर करून बघताना कळलं.

या गावाचा पैसा लोकरीचा. सेंट जेम्स चर्चमध्ये विल्यम ग्रेव्हेल नावाच्या व्यापाऱ्याची पितळी पाटी जमिनीत बसवलेली आहे. तो १४०१ साली वारला, आणि साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांचं फूल, असं त्याच्याबद्दल लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. चर्चचा मनोरा सुमारे ३६ मीटर उंच, उभ्या रेषांचा, अतिशय देखणा. मला तो आवडला, पण खरं सांगायचं तर आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो त्या चर्चच्या ओढीनं इथे मन फार रमलं नाही.

रमलं ते बाजारपेठेत. रस्त्याच्या मधोमध १६२७ सालचा दगडी कमानींचा मंडप आहे, लोणी, चीज, कोंबड्या विकायला बांधलेला. खालची फरशी माणसांच्या पायांनी इतकी खालीवर झालीय की जपून चालावं लागतं. त्याच्याजवळच पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे, त्याचा आराखडा ग्रिग्जचाच. आणि याच रस्त्यावर डोव्हर्स हाउस, जिथे तो राहिला आणि जिथे त्याचा प्रेस होता. खाजगी घर आहे, म्हणून समोरच्या फुटपाथवरूनच पाहिलं.

चर्चजवळ कोर्ट बार्न नावाचं छोटं संग्रहालय आहे. १९०२ साली सी. आर. ॲशबी या वास्तुकारानं लंडनच्या ईस्ट एंडमधले कारागीर त्यांच्या बायकामुलांसकट या गावात आणले. साधारण दीडशे माणसं. सुतार, चांदीचं काम करणारे, लोहार, पुस्तक छापणारे. हाताच्या कामाला शहराच्या धुराबाहेर जागा द्यायची, ही त्यामागची कळकळ होती. ती संस्था १९०८ पर्यंत बुडाली, पण बरेच कारागीर गावातच राहिले. शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीम गिरणीत हार्ट घराण्याची चांदीकामाची कार्यशाळा अजून चालू आहे. आम्ही लाकडी जिना चढून वर गेलो. छताला जुन्या पावत्यांचे गठ्ठे लटकत होते आणि एक कारागीर वाटीची कड ठोकत होता. त्यानं मान वर करून हसून पाहिलं आणि परत ठोकायला लागला. आम्ही बराच वेळ तिथे उभ्या होतो. ग्रिग्ज कोणत्या माणसांत राहून काम करत होता हे त्या ठोक्यांतून जितकं समजलं तितकं संग्रहालयातल्या फलकांवरून समजलं नव्हतं.

गुरुवार, ब्रॉड कॅम्पडन आणि डोव्हर्स हिल

सकाळी शेतांमधून चालत ब्रॉड कॅम्पडनला गेलो. गाव शेजारीच आहे, अर्धा तासही लागत नाही. इथे एक बाराव्या शतकातलं प्रार्थनाघर आहे, नॉर्मन चॅपल, पुढे पडीक झालेलं. १९०५ ते १९०७ या काळात ॲशबीनं ते दुरुस्त करून राहण्याजोगं केलं, आणि ज्यांच्यासाठी केलं ते होते आनंद कुमारस्वामी आणि त्यांच्या पत्नी एथेल. भारतीय कलेवर लिहिणारे तेच कुमारस्वामी. कोलंबोला जन्मलेले, वडील तमिळ, आई इंग्रज, शिक्षणानं भूगर्भशास्त्रज्ञ. सिंहली कारागिरीवरचा त्यांचा मोठा ग्रंथ, 'मिडीव्हल सिंहलीज आर्ट', याच घरात हातप्रेसवर छापला गेला आणि १९०८ साली बाहेर आला. तो प्रेस मूळचा हस्तकलेचा थोर पुरस्कर्ता विल्यम मॉरिस याचा.

हे मला आधी वाचून माहीत होतं. तरी कुंपणाबाहेर उभं राहून त्या भिंतीकडे पाहताना अंगावर काटा आला. आपल्याकडच्या कारागिराला मान मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्यभर लिहिलं, त्यांनी या खेड्यात बसून टाइपांच्या ओळींवर नजर ठेवली होती. आणि हाकेच्या अंतरावर ग्रिग्ज राहत होता. यंत्राच्या रेट्यात हाताचं काम कसं टिकेल हा प्रश्न दोघांचाही. एकानं त्याचं उत्तर सिंहली लाखकाम आणि विणकाम यांच्यात शोधलं, दुसऱ्यानं खेड्यातल्या चर्चच्या भिंतीत.

"कॉलेजात आम्हाला कुमारस्वामी परीक्षेपुरतेच होते गं," मी म्हणाले.

"मग आता वाच ना परत," भाची म्हणाली. तिचं बरोबरच आहे.

दुपारी डोव्हर्स हिल. इथून खाली ईव्हशॅमचं खोरं पसरलेलं दिसतं आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडे मॅल्व्हर्नच्या टेकड्या. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून या उतारावर रॉबर्ट डोव्हरचे गावखेळ भरत आले. १९२६ साली ही टेकडी विक्रीला निघाली तेव्हा इथे बांधकाम होईल या धास्तीनं ग्रिग्जनं ती घेतली, आणि पुढे इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेलियन यांच्या मदतीनं ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे गेली. एचिंगची बाजारपेठ तेव्हा तेजीत होती. १९२९च्या मंदीनंतर ती कोसळली ती कोसळलीच, आणि ग्रिग्जची शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. टेकडी मात्र आजही मोकळी आहे, मेंढ्या चरताहेत, पोरं पतंग उडवताहेत. चित्रकाराच्या कामाची यादी करताना ही टेकडी तिच्यात धरायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवार, सायरनसेस्टर

बस बदलत चेल्टनहॅमवरून सायरनसेस्टर. पावसाची झड, खिडकीबाहेर काहीच दिसेना. हे रोमनांचं कोरिनियम, ब्रिटनमधल्या त्यांच्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक. चौकातल्या चर्चला तीन मजल्यांचं भव्य दगडी प्रवेशद्वार आहे. त्याच्यामागे एक मोठा मठ होता. १५३९ साली तो राजाच्या ताब्यात गेला आणि मग पाडला गेला. आता तिथे हिरवळ आहे, आणि मठाची एक नॉर्मन वेस तेवढी उभी. पावसात छत्री धरून त्या हिरवळीवर एक फेरी मारली. एवढी थोरली वास्तू आणि दगडावर दगड उरला नाही. ग्रिग्ज कशासाठी हळहळत होता ते इथे नीट समजतं.

शनिवार, डंटिसबोर्न राउझ

रात्री पाऊस थांबला. सकाळी नकाशा घेऊन चालायला लागलो, सायरनसेस्टरपासून वायव्येला साधारण पाच किलोमीटर. वाटेत डॅग्लिंगवर्थ लागतं. तिथल्या चर्चमध्ये सॅक्सन काळातली, म्हणजे अकराव्या शतकात नॉर्मन येण्याआधीची, शिल्पं आहेत: क्रूसावरचा ख्रिस्त आणि त्याच्या दोन बाजूंना भाला आणि स्पंज धरलेले दोन शिपाई, सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, किल्ली घेतलेला सेंट पीटर. १८५० साली दुरुस्ती चालू असताना ती भिंतीत सापडली. कोरलेली बाजू आत करून बांधकामाला वापरली होती, म्हणूनच इतकी टवटवीत राहिली. डोकी मोठी, हातपाय बुटके, डोळे विस्फारलेले. भाचीला ती फार आवडली. तिनं बसून वहीत दोन्ही शिपाई उतरवून घेतले, आणि मी घाई केली नाही.

पुढे डंट नावाच्या ओढ्याकाठची दरी. डंटिसबोर्न नावाची चार वाड्यावस्त्यांएवढी गावं या ओढ्यावर ओळीनं बसली आहेत. ओढा काही ठिकाणी सरळ रस्त्यावरूनच वाहतो. वर डंटिसबोर्न ॲबट्समध्ये तर रस्त्याचा एक तुकडाच ओढ्याचं पात्र आहे, तिथे पूर्वी गाड्यांची चाकं आणि घोड्यांचे खूर धुतले जायचे.

राउझचं चर्च रस्त्यावरून पटकन दिसत नाही. फाटकातून गवताची पायवाट उताराच्या कडेनं आत जाते, आणि अचानक ते खाली दिसतं. पहिला विचार हाच आला की किती लहान आहे हे. चित्रात पाहून मी मनात त्याला बरंच मोठं करून ठेवलं होतं. मनोरा बुटका, त्यावर तेच दुपाखी छप्पर, आजूबाजूच्या घरांच्या छपरांसारखंच. कॅम्पडनच्या मनोऱ्यासारखं आकाशाकडे जायचं याच्या मनातही नाही. जमीन पूर्वेकडे एवढी उतरते की चर्चच्या त्या टोकाखाली तळघर निघालं आहे. तेही चिमुकलं, त्याच्यातही एक वेदी मावते. दक्षिणेला आवारात उंच सडपातळ दगडी क्रूस आहे, मध्ययुगातला.

भाचीनं मोबाइलवर घेतलेला एचिंगचा फोटो समोर धरून जागा शोधायला सुरुवात केली. "इथे. नाही, थोडं खाली. मावशी, तू इकडे ये." मी मात्र उत्तरेच्या भिंतीला चिकटले होते. हा भाग सॅक्सन, हजार वर्षांच्या घरातला. दगडांचा एक थर उजवीकडे तिरका आणि वरचा डावीकडे, माशाच्या काट्यासारखा. मध्ये बुजवलेलं एक अरुंद दार. दगडांच्या कडा झिजलेल्या, सांधे खोल गेलेले.

दुपारी ढग हटले आणि ऊन दक्षिणेच्या भिंतीवर आडवं आलं. प्रत्येक दगडाखाली बारीकशी सावली पडली, आणि भिंत एकदम रेघांची झाली. मी ते बघतच राहिले. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं, त्याचं सौम्य आम्ल होतं, आणि चुनखडी त्याच्यात तिळातिळानं विरघळते. मऊ भाग आधी जातो, टणक भाग उरतो. समोरच्या थडग्यांवरची अक्षरं अशीच पुसट झाली होती, काही तर बोट फिरवल्याशिवाय लागत नव्हती. या भिंतीवरची प्रत्येक सावली आम्लानं खाल्लेल्या खाचेत पडली होती. ग्रिग्जनं ही भिंत पेन्सिलीनं काढली असती, रंगात काढली असती, तर ती सुंदर झाली असतीच. पण तांब्यात आम्ल सोडून त्यानं ती ज्या रीतीनं केली, त्याच रीतीनं पावसानंही तिच्यावर काम केलं आहे. प्लेटला तास लागतात, भिंतीला शतकं लागली. खेड्यातल्या चर्चची एचिंग मला आजवर जिवंत का वाटत आली याचं कारण मला इथे सापडलं असं वाटतं. चित्रातल्या मृदू आकाशाच्या रेघा तो लवकर थांबवतो आणि दाराच्या कमानीचा अंधार शेवटपर्यंत खाऊ देतो. भिंतीतही उन्हातला दगड वेगळा झिजलाय आणि वळचणीखालचा वेगळा.

दाराला कुलूप नव्हतं. कडी उचलली आणि आत गेलो. डोळे सरावायला वेळ लागला. मधली कमान अगदी अरुंद, नॉर्मन, कसलंही नक्षीकाम नसलेली. तिच्या पलीकडे वेदीच्या भागात भिंतीवर तेराव्या शतकातली रंगवणूक आहे: लालसर रेघांनी दगडांचे चौकोन आखलेत आणि त्यांत छोटी छोटी फुलं. आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या चुन्यासमोर उभं राहून एकाच मापाची फुलं काढत गेलं होतं. हात कुठे कुठे घसरलाय, तेही दिसतं. बाजूला उचलून ठेवायच्या आसनांची जुनी लाकडी बाकं आहेत. आसन उचललं की खाली टेकायला कोरीव फळी निघते, प्रार्थनेत तासन् तास उभं राहणाऱ्यांना जरा आधार म्हणून.

आणि मग बाकीच्या गोष्टी दिसू लागल्या. खिडकीत बाटलीत ठेवलेली ताजी डेलिया. फुलं कुणी कधी आणायची याचा हातानं लिहिलेला तक्ता. गुडघे टेकायच्या विणलेल्या उशा. छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे टाकायची भिंतीतली पेटी. आम्ही बसलो असताना एक वयस्क बाई बादली आणि कुंचा घेऊन आल्या. वादळात पडलेली पानं तळघराच्या पायऱ्यांवरून काढायला आल्या होत्या. कुठून आलात विचारलं. पुण्याहून म्हटल्यावर "एवढ्या लांबून या चर्चसाठी?" असं त्यांनी मनापासून आनंदून विचारलं. मी ग्रिग्जच्या चित्राचा फोटो दाखवला. त्यांना चित्र माहीत होतं. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "त्यानं गवत फार छान काढलंय. आम्हाला ते कापावं लागतं."

पाऊण तास आम्ही तिघींनी मिळून पायऱ्यांवरची पानं काढली.

इथे माझं ग्रिग्जशी पटत नाही. त्याच्या चित्रांत माणसं फार कमी, असली तरी चिमुकली आणि पाठमोरी. त्याच्या लेखी खरं इंग्लंड १५३९ला सायरनसेस्टरच्या मठाबरोबर पडलं आणि उरली ती त्याची आठवण. त्या दुःखातून त्याची रेघ आली, हे मान्य, आणि ती रेघ मला फार प्रिय आहे. पण हे चर्च हरवलेलं नाही. पंथ बदलला, राजे बदलले, भिंतीवरची फुलं टिकली, आणि शनिवारी पानं काढायला कुणीतरी येतं. बादलीवाल्या बाई त्याच्या चित्रात हव्या होत्या.

निघताना भाचीनं उभं राहायची जागा शेवटी नक्की केली. तिनं तिथून फोटो घेतला नाही, वही काढली. चर्चचं चित्र काढायला तिला तासभर लागला, मी क्रूसाच्या पायरीवर बसून राहिले. तिची भिंत सरळ आली नाही, मनोरा फार उंच झाला. पण छपराच्या पाट्या वर जाताना लहान होतात हे तिनं बरोबर पकडलं होतं, मी न सांगता.

रविवार, सॅपर्टन

रविवारी बस मिळणं कठीण, म्हणून टॅक्सी केली. सॅपर्टनच्या चर्चच्या आवारात अर्नेस्ट गिमसन आणि बार्न्सली बंधू यांची थडगी आहेत. लाकूडकामात या दोन नावांना इंग्लंडमध्ये फार मान. गिमसन ग्रिग्जचा मित्र, १९१९ साली गेला. थडग्यांवर साध्या शिळा आणि पितळी पाट्या, अक्षरं अजून स्वच्छ. तिथून खाली उतरून जुन्या कालव्याच्या बोगद्याचं तोंड पाहिलं, १७८९ सालचं. साडेतीन किलोमीटर लांबीचा हा बोगदा हातानं खणलेला. आत बोटीला ओढायला वाट नव्हती, तेव्हा नावाडी पाठीवर पडून भिंतीला पाय लावत बोट पुढे ढकलायचे. आता पाणी साचलंय, आत जाता येत नाही. पायवाटेवर चिखल मात्र भरपूर.

संध्याकाळच्या गाडीत भाचीनं प्रिंट रूमला पुढच्या भेटीची ईमेल लिहायला घेतली, कारण ग्रिग्जचं 'ओल्पेन मॅनर' तिला आता बघायचंय. त्यातही घराच्या मागे चर्च आहे. मी तिला एक ओळ वाढवायला लावली: काच नसलेली प्रत, आणि शक्य असल्यास एकाच प्लेटच्या दोन वेगवेगळ्या अवस्था, म्हणजे नव्या रेघा घालण्याआधीची आणि नंतरची प्रत, शेजारी शेजारी.

कुणाला जायचं असेल तर: लंडनच्या पॅडिंग्टनहून केंबलपर्यंत गाडी, तिथून बस किंवा टॅक्सीनं सायरनसेस्टर. पुढे राउझपर्यंत चालतच जावं, डॅग्लिंगवर्थ चुकवू नये. पायात बूट हवेत, गवत ओलं असतं. उजेड आडवा हवा, म्हणून ऑक्टोबर किंवा मार्च, आणि दुपारनंतर. जवळ सुटी नाणी ठेवा, छपराच्या पेटीत कार्ड चालत नाही.